सावित्रीच्या ओढ्यांतील काळी माशी : तिची शरीररचना आणि तिचे नाव

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपुरास येते आणि पुढे महाडजवळ काळ व गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेऊन बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. या नदीविषयी आपण बोलतो ते बहुधा इतिहासाच्या नाही तर संकटाच्या निमित्ताने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. या गोष्टी कोणी विसरलेले नाही. परंतु पूर ओसरून नदी निवळली म्हणजे तिच्या दगडांवर जे जग नांदू लागते, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या जगातील एका अगदी लहान प्राण्याची, काळ्या माशीची, ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

काळी माशी म्हणजे आपली घरातली माशी नव्हे, गोमाशीही नव्हे. ही पुरती तिळाएवढी असते. तिची लांबी सामान्यतः दीड मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत. ओढ्याकाठी गुरे चारणाऱ्या माणसाच्या कानाभोवती किंवा पिंडरीवर ती येऊन बसते, आणि तो तिला ‘चिलट’ म्हणून झटकून टाकतो. तिने चावा घेतला तर त्या जागी रक्ताचा बारीक ठिपका दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तेथे खाज सुटते. ती दिवसाउजेडी आणि उघड्यावर चावते. डासासारखी घरात शिरून रात्री त्रास देणे हा तिचा स्वभाव नाही. हिमालयाच्या पायथ्याशी आणि आसामच्या बाजूस हिच्या काही जातींचा उपद्रव इतका आहे की, तेथील लोकांनी तिला ‘पिपसा’, ‘पोटू’ अशी खास नावे ठेवली आहेत. शास्त्रात या माश्यांच्या कुलास सिम्युलिडी म्हणतात आणि त्यातील सर्वांत मोठ्या वंशाचे नाव सिम्युलियम. जगभरात या कुलातील सुमारे २,४०० जातींची नोंद झालेली आहे, व दरवर्षी तीत भर पडत आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, तमिळनाडूच्या डोंगरांतील ओढ्यांतूनही गेल्या काही वर्षांत अनेक नव्या जाती वर्णिल्या गेल्या आहेत.

येथे एक स्वाभाविक शंका निघते. एवढ्याशा माशीच्या जाती तरी किती मोजावयाच्या? काळी माशी ती काळी माशी, एवढे म्हणून भागणार नाही काय? आमचे उत्तर असे की, भागत नाही. आणि ते का भागत नाही, हेच या लेखात सांगावयाचे आहे. तथापि त्यासाठी आधी या माशीचे शरीर नीट पाहिले पाहिजे. ते डोक्यापासून शेपटीपर्यंत क्रमाने पाहू.

साध्या भिंगातून पाहिले तरी पहिली गोष्ट नजरेत भरते ती हिची पाठ. छातीचा भाग वर उचलल्यासारखा, मदार निघालेल्या बैलाच्या वशिंडासारखा असतो, आणि डोके त्याच्या खाली वाकलेले असते. डासाचे पाय लांब व अंग सडपातळ. हिचे पाय आखूड व अंग गुटगुटीत. डोक्यावर दोन शृंगिका म्हणजे मिशा असतात. त्या डासाच्या मिशांसारख्या केसाळ नसून, आखूड मणी एकाला एक चिकटवून माळ करावी तशा दिसतात. बहुतेक जातींत असे अकरा मणी असतात.

नंतर डोळे. येथे नर व मादी यांत मोठा भेद आहे. मादीचे दोन डोळे कपाळाच्या पट्टीने एकमेकांपासून वेगळे झालेले असतात. नराचे डोळे मात्र माथ्यावर एकमेकांस भिडतात. इतकेच नव्हे, तर नराच्या डोळ्याचे वरचे कंगोरे मोठे आणि खालचे लहान असतात, जणू एकाच चष्म्यात दोन प्रकारची भिंगे बसवावी. याचे कारण सरळ आहे. नर थव्याने हवेत तरंगत असतात आणि वरून जाणारी मादी त्यांना आकाशाच्या उजेडाविरुद्ध टिपावयाची असते. वरची मोठी भिंगे त्या कामाची.

तोंडाची रचना याहून चमत्कारिक आहे. डासाची सोंड सुईसारखी असते; ती कातडीत शिरते आणि रक्तवाहिनी शोधून थेट तीतून रक्त ओढते. काळ्या माशीजवळ सुई नाही, कात्री आहे. तिच्या जबड्याच्या दोन पात्यांना कडेने बारीक दाते असतात. ती पाती एकमेकांवर सरकवून ती कातडी कापते. दुसऱ्या एका जोडीचे दाते मागे वळलेले असतात. त्यांच्या पकडीने तोंड जखमेत रुतून राहते. कापलेल्या जागी रक्ताचे इवलेसे डबके साचते आणि ते ती शोषून घेते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, म्हणून ती उडून गेल्यावरही ठिपका काही वेळ ओला राहतो. हे सारे मादीचेच वर्णन होय. अंडी पोसण्यासाठी तिला रक्त हवे असते. नराच्या जबड्यांना असे दाते नसतात. तो फुलांच्या रसावर राहतो, आणि मादीही रक्ताखेरीज असा गोड रस घेतेच. तोंडाच्या बाजूस पाच सांध्यांच्या दोन शुंडिका असतात. त्यांच्या तिसऱ्या सांध्यात एक पोकळ कुपी असते. श्वासातून बाहेर पडणारा कर्बद्विप्राणिल वायू या कुपीने ती हुंगते, आणि गुरे किंवा माणसे कोठे आहेत हे तिला कळते.

पंख रुंद व स्वच्छ काचेसारखे असतात. पुढच्या कडेच्या दोन-तीन शिरा जाड, बाकीच्या इतक्या पुसट की त्या शोधाव्या लागतात. जाड शिरांवर केस आहेत की काटे, मुळाशी त्या उघड्या आहेत की केसाळ, याची नोंद शास्त्रज्ञ अगदी काटेकोरपणे करतो. पाठीवरील रंगाचे पट्टे तर उजेडाच्या कोनाबरोबर बदलतात. पुढून उजेड पडला तर जेथे रुपेरी दिसते, तेथेच मागून पाहता काळे दिसते. यास्तव चांगल्या वर्णनात रंगाबरोबर उजेडाची दिशाही लिहिलेली असते. पैठणीचा धूपछाव पदर ज्यांनी हातात धरून पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पायांत एक लहानशी पण फार बोलकी खूण आहे, ती म्हणजे मादीच्या नख्या. काही जातींच्या नख्या साध्या, आकड्यासारख्या असतात; काहींच्या मुळाशी एक मोठा दात असतो. साध्या नखीची मादी बहुधा गुरांच्या किंवा माणसांच्या रक्तावर जगते. दात असलेल्या नखीची मादी बहुधा पाखरांच्या रक्तावर जगते, कारण पिसांना धरून राहण्यास तो दात उपयोगी पडतो. चावताना कोणी पाहिले नसले तरी, नखी पाहून ती कोणाच्या रक्ताची गिऱ्हाईक आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

राहिले उदर. त्याच्या टोकाशी नराची व मादीची जननेंद्रिये असतात, आणि जाती ओळखण्याच्या कामी त्यांच्यावर सर्वांत अधिक भिस्त असते. मादीच्या शरीरात शुक्र साठविण्याची एकच कुपी असते. तिचा आकार व कवचाची नक्षी पाहतात. इंग्रजी वाय अक्षरासारखा एक फाटा असतो, त्याच्या भुजा मोजतात. नराच्या बाजूस दोन चिमटे, त्यांच्या मधली एक पट्टी आणि आतील आकडे अशी योजना असते. ती मधली पट्टी खालून, बाजूने आणि टोकाकडून अशी तिन्ही बाजूंनी रेखाटावी लागते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन माश्यांत कित्येकदा फरक असतो तो एवढ्या पट्टीचा.

परंतु माशीचा हा पंखांचा अवतार तिच्या आयुष्याचा अखेरचा भाग झाला. त्याच्या आधीचे सारे आयुष्य वाहत्या पाण्यात जाते. ‘वाहत्या’ या शब्दावर आम्ही मुद्दाम भर देतो. डासाची अळी डबक्यात, टाकीत, नारळाच्या करवंटीत वाढते. काळ्या माशीच्या अळीला साचलेले पाणी चालत नाही. महाडच्या खाली, जेथे भरतीचे पाणी नदीत चढते, तेथे ती सापडावयाची नाही. तिचे घर वर, पोलादपुराकडच्या डोंगरउतारावर, जेथे पाणी दगडावरून खळखळत उतरते.

पाऊस सरल्यावर अशा ओढ्यातील एखादा दगड किंवा पाण्यात लोंबणारे पान अलगद उचलून पाहावे. त्यावर राखी-तपकिरी रंगाचे, तांदळाच्या कणीपासून तांदळाच्या दाण्याएवढे, मागच्या बाजूस फुगलेले किडे चिकटलेले दिसले, तर त्या काळ्या माशीच्या अळ्या होत. एवढ्या ओढीच्या पाण्यात त्या वाहून कशा जात नाहीत? त्यांच्या लाळेच्या ग्रंथींतून रेशीम निघते. अळी त्याची एक चकती दगडावर चिकटविते आणि शेपटीकडच्या बारीक आकड्यांच्या वलयाने ती चकती घट्ट धरून ठेवते. कोणी छेडले तर ती पकड सोडून प्रवाहाबरोबर खाली जाते, पण जाताना रेशमाचा दोर सोडते आणि धोका टळला की त्याच दोराने पुन्हा वर चढते.

तिचे खाणे कसे चालते ते कोकणातल्या माणसास सांगावयास फार वेळ लागू नये. खाडीत डोलीचे जाळे प्रवाहाच्या तोंडी बांधून ठेवतात, आणि ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. अळीच्या डोक्यावर बारीक केसांचे दोन पंखे असतात. ते ती प्रवाहात उघडून धरते. पाण्याबरोबर वाहत आलेले शेवाळ, जंतू आणि कुजक्या पानांचे कण त्यांत अडकतात. मग ती एकेक पंखा मिटून तोंडात घालते, पुसून काढते आणि पुन्हा उघडते. तिला अन्नासाठी हिंडावे लागत नाही. नदीच तिला वाढते. आणि तिने गाळून घेतलेला अतिसूक्ष्म गाळ तिच्या विष्ठेच्या गोळ्या होऊन खाली जातो, तो इतर किड्यांच्या खाण्याजोगा होतो. अळीला मासे खातात. हा किडा म्हणजे ओढ्याच्या घरातील एक राबते माणूस आहे.

अळीच्या अंगावरही ओळखीच्या खुणा आहेत. डोक्यावरील ठिपके उजळ की गडद. हनुवटीच्या पट्टीवर दात किती व कोणता मोठा. डोक्याच्या खालच्या बाजूस कवचाला पडलेली खाच गोल, की कमानीसारखी, की बाणाच्या टोकासारखी. अळी पुरती वाढली म्हणजे तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंस एकेक काळा डाग दिसू लागतो. त्या डागात पुढच्या अवस्थेचे श्वसनतंतू गुंडाळून ठेवलेले असतात.

ही पुढची अवस्था म्हणजे कोष. अळी रेशमाची एक लहानशी पिशवी विणते. ती मोजडीच्या पुढल्या भागासारखी असून तिचे उघडे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेस असते, म्हणजे पाण्याचा जोर आत शिरत नाही. या मोजडीत कोष स्वस्थ पडून राहतो, आणि त्याच्या छातीतून निघालेले श्वसनतंतू तेवढे बाहेर पाण्यात हेलकावत असतात. हे तंतू काही जातींत चार, काहींत सहा, आठ, दहा, तर काहींत कितीतरी अधिक असतात. ते एकाच देठातून फुटतात की जोडीजोडीने, देठ लांब की आखूड, यावरून जाती वेगळ्या काढता येतात. अभ्यासकाला कोष हाती लागला की अर्धे काम झाले असे म्हणतात ते यामुळेच. उष्ण प्रदेशात थोड्याच दिवसांत कोषाची पाठ उकलते आणि माशी हवेच्या बुडबुड्यात बसून पृष्ठभागावर येते. पंख न भिजता ती उडून जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखाद्या अभ्यासकास अशी माशी सापडली, जी कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही, तर तो काय करतो? प्रथम तो कोष दगडावरून सोडवून प्रत्येक कोष वेगळ्या लहान कुपीत ओल्या टिपकागदावर ठेवतो. माशी बाहेर पडली की तिचा रंग पक्का होण्यास एखादा दिवस जाऊ देतो. मग ती माशी आणि तिचीच टाकलेली कोषाची कात ही दोन्ही एकाच कुपीत मद्यार्कात जपून ठेवतो. हे अत्यंत महत्त्वाचे. कारण अळी, कोष, नर आणि मादी हे चारही एकाच जातीचे आहेत याचा दुसरा इतका खात्रीचा पुरावा नाही. त्यानंतर उदराचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून त्यातील मांस विरघळवून टाकतो. कवच तेवढे स्वच्छ उरते. ते काचेच्या पट्टीवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढतो. शेवटी आजवर वर्णिलेल्या जवळच्या जातींशी एकेक अवयव ताडून पाहतो. साम्य कोठे, भेद कोठे, हे शब्दांत मांडतो.

एवढे झाल्यावर त्यातील एक नमुना मूळ नमुना म्हणून ठरविला जातो. त्यास होलोटाइप म्हणतात. तो कोणाच्या घरच्या कपाटात राहून उपयोगी नाही. कोणासही पुढे पाहता येईल अशा सार्वजनिक संग्रहात तो ठेवावा लागतो. आपल्याकडे १९१६ साली स्थापन झालेली, कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे अशा संग्रहाचे मोठे ठिकाण आहे. जमिनीचा वाद पडला म्हणजे आपण सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढतो. जातीचा वाद पडला म्हणजे हा मूळ नमुना काढतात. नाव म्हणजे नुसता शब्द नव्हे. वर्णन, चित्र आणि नमुना या तिघांच्या साक्षीने ते उभे असते. अलीकडे या साक्षीत आणखी दोघांची भर पडली आहे. अळीच्या रेशीमग्रंथीतील गुणसूत्रे असाधारण मोठी असतात व त्यांवरील पट्ट्यांचा क्रम वाचता येतो. आणि जननिक द्रव्याच्या एका ठरावीक तुकड्याचा मेळही घालता येतो. परंतु या नव्या साक्षी जुन्यांच्या जोडीला आल्या आहेत, त्यांच्या जागी आलेल्या नाहीत. ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला प्रथम दिसतात ते तंतू, नख्या आणि दातच.

भारतातील काळ्या माश्यांच्या या नोंदवहीचा पाया ज्यांनी घातला, त्यांतील दोन नावे सांगणे अवश्य आहे. एक एन्रिको ब्रुनेट्टी. हा पेशाने संगीतकार होता. पण कलकत्त्यास राहून त्याने द्विपंखी कीटकांचा व्यासंग केला आणि १९११ च्या सुमारास आपल्याकडील कित्येक काळ्या माश्यांची पहिली वर्णने प्रसिद्ध केली. दुसरे आय. एम. पुरी. त्यांनी १९३२-३३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात लेखांची मालिकाच लिहिली. ब्रुनेट्टीने बहुधा उडती माशी तेवढी वर्णिली होती. पुरी यांनी अळी आणि कोष यांचीही जोड तिला दिली. निलगिरी आणि पळणी या डोंगरांची नावे त्यांनी जातींना दिली, आणि ती आजही चालू आहेत. आपल्याच देशातील डोंगराचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रात कायमचे नोंदले जाते.

आता हा सारा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब देणे प्राप्त आहे. पहिला जमाखर्च आरोग्याचा. आफ्रिकेत नदीकाठच्या लोकांस एक रोग होतो. त्यात डोळे जातात, म्हणून त्यास ‘नदीचे अंधत्व’ म्हणतात. एका सूक्ष्म कृमीमुळे तो होतो, आणि त्या कृमीची ने-आण काळी माशी करते, हे ब्लॅकलॉक या डॉक्टराने १९२६ साली सिएरा लिओनमध्ये दाखवून दिले. पश्चिम आफ्रिकेत लोकांनी या भयाने नदीकाठची सुपीक शेते टाकून दिली होती. १९७४ साली तेथे मोठी मोहीम सुरू झाली. विमानांतून नद्यांवर दर आठवड्यास औषध फवारावयाचे, असा क्रम ठरला. आठवडाच का? कारण तेथील उन्हाच्या पाण्यात अळीची वाढ सुमारे आठवड्याभरात पुरी होते. पुढे माश्या रासायनिक औषधास दाद देईनाशा झाल्या, तेव्हा एका जीवाणूचे औषध वापरात आले. ते पोटात गेल्याखेरीज बाधत नाही. पण अळीचा पंखा तर पाण्यातले सर्व काही पोटात घालतो! अळीच्या तोंडाची रचना ठाऊक होती म्हणून हा उपाय लागू पडला. २००२ साली ही मोहीम संपली, तोवर सुमारे सहा लाख लोकांची दृष्टी वाचली आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वसण्याजोगी झाली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

या मोहिमेत जातींच्या ओळखीवाचून एक पाऊल पुढे पडले नसते. ज्या माशीला सर्वजण सिम्युलियम डॅम्नोसम या एका नावाने ओळखत, ती प्रत्यक्षात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा गोतावळा निघाली. त्यांतील काही जाती रोग वाहतात, काही वाहत नाहीत. काही माणसाकडे फिरकतही नाहीत. पूर्व आफ्रिकेत तर रोग वाहणाऱ्या एका जातीच्या अळ्या वर्षानुवर्षे कोणास सापडेनात. त्या दगडांवर नव्हत्याच. नदीतील खेकड्यांच्या पाठीवर चिकटून त्या वाढत होत्या. हे १९५० साली उघडकीस आले, त्यानंतरच तेथील उपाययोजनेस खरी दिशा मिळाली.

हे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. भारतात हा रोग माणसांत घर करून बसलेला नाही. कृमी नसेल तर माशीचा चावा हा खाजेपुरता त्रास होय. परंतु कोणती जात कोठे आहे याची नोंद आधीपासून असणे हे घराला अडसर असण्यासारखे आहे. चोर आल्यावर सुतार शोधण्यात अर्थ नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. डॅन्यूब नदीच्या काठी १९२३ साली काळ्या माश्यांचे थवेच्या थवे उठले आणि हजारो गुरे त्यांच्या चाव्याने मेली. पुढे १९७२ मध्ये ‘लोहद्वार’ या खिंडीत धरण झाले, प्रवाह मंदावला आणि त्या माशीचे माहेरच बुडाले. पाण्याचा वेग बदलला की त्यातील वस्ती बदलते, हा त्याचा अर्थ. आपल्याकडेही ओढ्यावर बंधारा घातला तर वरच्या साचलेल्या पाण्यातून काळी माशी उठून जाईल, आणि सांडव्यावरून पाणी जेथे पातळ होऊन पडते, तेथे ती पूर्वीपेक्षा अधिक दाटीने वाढेल. बंधारे नकोत असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यात ज्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्यांना ते कोणी सांगूही नये. केलेल्या कामाचा परिणाम मोजण्याची सोय असावी, एवढेच आमचे म्हणणे.

अशी सोय हा किडा करून देतो, पण जात ओळखता आली तरच. काही जाती डोंगरावरच्या थंड, निर्मळ पाण्याबाहेर जगत नाहीत. काही जातींना उलट गावचे सांडपाणी मिसळलेले, कणांनी भरलेले पाणी मानवते. ‘काळ्या माशीच्या अळ्या दोनशे सापडल्या’ या वाक्यावरून नदीची प्रकृती कळत नाही. पहिल्या जातीच्या दोनशे असतील तर नदी धडधाकट. दुसऱ्या जातीच्या असतील तर वरच्या बाजूस काय सोडले जात आहे याची चौकशी करावी. महाडची औद्योगिक वसाहत नदीच्या काठी आहे, आणि तिच्या सांडपाण्याविषयीच्या तक्रारी काही कालच्या नाहीत. रसायनशाळेत नेलेली बाटली त्या घटकेचे पाणी दाखविते. दगडाला चिकटून बसलेली अळी मात्र मागच्या दिवसांतील सारे पाणी अंगावरून गेल्याचे सांगते. रात्री सोडलेले पाणी सकाळच्या बाटलीत सापडणार नाही. अळ्यांच्या रिकाम्या दगडावर ते सापडेल.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. ज्या ओढ्याची नोंदच झाली नाही, तेथून काय नाहीसे झाले हे कोणास कळणार? दरड कोसळली, रस्त्याचा राडारोडा ओढ्यात लोटला गेला, झऱ्याचे पाणी वळविले गेले, म्हणजे एखादी जात त्या खोऱ्यातून जाईल. तिचे वर्णन झालेले नसेल तर तिच्या जाण्याची तक्रारही कोणी करणार नाही. कागदावर नसलेल्या कुळाची जमीन कशी हातची जाते, हे कोकणात कोणास सांगावयास नको.

या कामी सामान्य नागरिकाने काय करावे? सूक्ष्मदर्शक विकत घ्यावा असे आम्ही सुचवीत नाही. शाळेतील मुलांनी पावसाळ्यानंतर आपल्या वाडीचा ओढा महिन्यातून एकदा पाहावा. कोणत्या दगडावर, किती ओढीच्या पाण्यात, कोणत्या तारखेस अळ्या किंवा कोष दिसले, हे वहीत लिहावे. मद्यार्काच्या लहान कुपीत थोडे कोष घालावेत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. शाईचे अक्षर मद्यार्कात पुसून जाते. ती कुपी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात द्यावी. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने निनावी पत्रासारखा असतो; त्या दोन गोष्टी असल्या तर तोच नमुना पन्नास वर्षांनंतरही बोलतो.

महाड-पोलादपूरच्या लोकांस आपल्या गडांची, घाटांची आणि तळ्यांची नावे पाठ आहेत, आणि त्यांमागील इतिहासही ते अभिमानाने सांगतात. त्याच डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यात कोण राहते, त्याच्या अंगावर खुणा कोणत्या आणि त्याचे नाव काय, हेही आपल्या माहितीचाच भाग झाले पाहिजे. चार तंतूंची की आठ तंतूंची, साध्या नखीची की दातेरी नखीची, हा प्रश्न क्षुद्र नाही. त्याच्या उत्तरावर आपल्या गुरांचे स्वास्थ्य, आपल्या आरोग्याची सावधगिरी आणि सावित्रीच्या पाण्याची पारख अवलंबून आहे.